'मिल' या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात 'मिल' हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. जुनी मिल, जाम मिल, लक्ष्मी-विष्णू मिल, एन. जी. मिल ही नावं पत्ता सांगताना आजही सहज तोंडी येतात. अडचण सुरू होते ती इंग्रजी शब्दकोश उघडल्यावर. तिथे याच शब्दाखाली जातं येतं, नाण्याची कड येते, तुरुंगातली शिक्षा येते, अमेरिकेतली घरपट्टीसुद्धा येते. इंग्रजी शिकणारी मुलं, आयटीआयचे विद्यार्थी, टॉवेल-चादरीच्या व्यापारात पत्रव्यवहार सांभाळणारे लोक आणि ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या गिरणीत गेल्या अशी माणसं यांचे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तो क्रमांक दिला आहे.

१. 'मिल'चे इतके अर्थ आहेत, त्यातला मूळ कुठला?

दळणं. लॅटिनमध्ये जात्याच्या दगडाला 'मोला' म्हणत आणि दळण्याला 'मोलेरे'. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'मोलिना' हा शब्द आला आणि युरोपभर पसरला. डचमध्ये 'मोलेन', फ्रेंचमध्ये 'मूलँ', जुन्या इंग्रजीत 'मिलेन'. इंग्रजीत शेवटचा 'न' बोलता बोलता गळून पडला आणि 'मिल' उरला. तोंडातल्या दाढेला डॉक्टर 'मोलर' म्हणतात, तोही याच घरातला शब्द आहे. दाढ म्हणजे दळणारा दात.

नवीन वाक्यात हा शब्द भेटला की स्वतःला दोन गोष्टी विचारा. इथे काय फिरतंय? आणि इथे काय भरडलं जातंय? दळायचं म्हणजे दगड फिरवायचा, म्हणून 'फिरणं' आणि 'भरडणं' हे दोन्ही अर्थ या शब्दात पहिल्यापासून आहेत. पुढचे बहुतेक सगळे अर्थ या दोघांपैकी एकाचा हात धरून आलेत. याला एकच मोठा अपवाद आहे. त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

२. कापडाच्या गिरणीत काहीच दळत नाहीत. मग तिला मिल का म्हणतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याचं उत्तर नीट कळलं की अर्धा शब्दकोश आपोआप सुटतो.

आधी माणसं हाताने दळत. मग जनावर जुंपलं, मग ओढ्याच्या पाण्यावर मोठं चाक बसवलं आणि त्या चाकाने दगड फिरवला. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की पाहिली असेल तर हे लगेच कळेल. लांबून नळांतून आणलेलं पाणी जोरात येऊन पडतं, खाली पातं फिरतं आणि वर दळण होतं. माणसाचा हात लागत नाही. इंग्लंडमध्ये १०८६ सालच्या जमीन-मोजणीतच अशा पाणचक्क्या हजारोंनी नोंदवल्या आहेत. गावोगाव चाक होतं, चाकामागे कारागीर होते आणि त्या सगळ्या जागेचं नाव होतं 'मिल'.

एकदा फुकटचं चाक फिरतंय म्हटल्यावर माणूस त्याला दळणापुरतं थोडंच ठेवणार? बाराव्या शतकापासून त्या चाकावर लाकडी हातोडे बसवून लोकरीचं कापड बडवून घट्ट करायला सुरुवात झाली. त्याला 'फुलिंग मिल' म्हणू लागले. चाकाने करवत ओढली की 'सॉ मिल', चिंध्या कुटून कागदाचा लगदा केला की 'पेपर मिल'. काम बदलत गेलं, चाक तेच राहिलं आणि नाव चाकामागून गेलं.

मग १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्डला सूत कातण्याची यंत्रं पाण्याच्या चाकावर चालवली. त्याच्या यंत्राचं नावच 'वॉटर फ्रेम' होतं. त्याआधी नॉटिंगहॅमला त्याने घोडे जुंपून तोच प्रयोग केला होता. ओढ्याकाठची इमारत, बाहेर फिरणारं चाक, आत खडखडणारी यंत्रं. बघणाऱ्याला ती मिलच दिसली. पुढे वाफेचं इंजिन आलं, मग वीज आली, ओढ्याची गरज उरली नाही, तरी 'कॉटन मिल' हे नाव पक्कं झालेलं होतं.

तेच नाव जहाजाने मुंबईला आलं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली, आणि १८७० च्या दशकात सोलापुरात आपली जुनी मिल उभी राहिली.

मराठीनेही हुबेहूब हेच केलं, ही यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 'गिरणी' हा शब्द आपण पिठाच्या चक्कीलाही वापरतो आणि हजारो कामगारांच्या कापड कारखान्यालाही. 'गिरणीतून दळण आण' आणि 'आजोबा गिरणीत होते' ही दोन वाक्यं एकाच घरात एकाच दिवशी बोलली जातात आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. सोलापूरच्या मुलांना 'मिल'चे दोन अर्थ अवघड वाटायचं काहीच कारण नाही.

३. मिल आणि फॅक्टरी यात फरक काय?

आजच्या वापरात फार नाही, पण जन्म वेगळा आहे. 'फॅक्टरी' हा शब्द 'फॅक्टर' म्हणजे व्यापारी अडत्यावरून आला. सुरतेला इंग्रजांची 'फॅक्टरी' होती तेव्हा तिथे एकही यंत्र नव्हतं. ती वखार होती. माल साठवायचा, खरेदी-विक्री करायची. यंत्रांचा कारखाना हा अर्थ नंतर रुळला.

मिलचं नातं यंत्र फिरण्याशी आणि कच्च्या मालावर सलग प्रक्रिया करण्याशी आहे. म्हणून सूत, कागद, पोलाद, तेल, डाळ यांच्या 'मिल' असतात, पण बिस्किटांची, बुटांची किंवा मोटारींची 'फॅक्टरी' असते. सुटे भाग जोडून वस्तू तयार होत असेल तर तिथे सहसा मिल म्हणत नाहीत.

कायद्याच्या भाषेत मात्र सगळं 'फॅक्टरी'च. १९४८ चा कायदा 'फॅक्टरीज ॲक्ट' या नावाचा होता आणि कापड गिरण्याही त्याखालीच येत.

४. आमच्या जुन्या मिलचं अधिकृत इंग्रजी नाव काय होतं?

'शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी'. या नावात 'मिल' शब्दच नाही! कंपनी ही कागदावरची संस्था आणि मिल ही डोळ्यांना दिसणारी इमारत, चिमणी, भोंगा. लोकांनी बोलण्यात इमारत उचलली.

या नावाला भारतीय राज्यघटनेच्या इतिहासातही जागा आहे. १९४९ मध्ये गिरणी बंद पडली, १९५० च्या सुरुवातीला केंद्र सरकारने वटहुकूम काढून आणि नंतर खास कायदा करून तिचं व्यवस्थापन हाती घेतलं. एका भागधारकाने त्याविरुद्ध दाद मागितली. 'चिरंजीत लाल चौधुरी विरुद्ध भारत सरकार' हा १९५० मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायद्याचे विद्यार्थी कलम १४ शिकताना आजही वाचतात. फक्त एकाच कंपनीसाठी कायदा करता येतो का, हा त्यातला मुख्य मुद्दा होता आणि न्यायालयाने त्या वेळी तो कायदा टिकवला. कायद्याला जाणाऱ्या सोलापूरच्या मुलांनी हा निकाल आवर्जून वाचावा. आपल्या गावच्या गिरणीवरून देशाला समानतेच्या कलमाचा अर्थ कळू लागला.

५. आजोबा मिलमध्ये कामाला होते. मुलाखतीत हे इंग्रजीत कसं सांगू?

'मिल वर्कर' म्हणा. जुन्या पुस्तकांत 'मिल हँड' भेटेल. अर्थ तोच, पण आता तो शब्द जुनाट वाटतो. आजोबा नक्की काय करत ते माहीत असेल तर तेच सांगा. साच्यावर असतील तर 'वीव्हर', कताईत असतील तर 'स्पिनर', मुकादम असतील तर 'जॉबर'. 'माय ग्रँडफादर वॉज अ वीव्हर' या वाक्याला वजन आहे. 'मिल'ला 'कंपनी' म्हणून सांगण्याची काही मुलांना सवय असते. तसं करू नका, मिल म्हणण्यात कमीपणा काही नाही.

आणि एक. रोज सकाळी दारात उभं राहून रजेवरच्या माणसाची जागा मिळते का बघणारा 'बदली' कामगार आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हा शब्द उलट्या दिशेने इंग्रजीत गेला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मजकुरातच 'बदली वर्कमन' असा उल्लेख आहे.

६. चादरीचा कारखाना म्हणजे मिल का? निर्यातीच्या पत्रात काय लिहायचं?

नाही. पूर्वभागात ज्या शेडमध्ये चादरी आणि टॉवेल विणले जातात त्याला सोलापुरात 'कारखाना' म्हणतात, मालकाला 'कारखानदार', आणि ते बरोबरच आहे. इंग्रजीत 'पॉवरलूम युनिट' किंवा 'वीव्हिंग युनिट' लिहा. 'मिल' लिहिलं तर परदेशी ग्राहक समजतो की कताई, विणाई आणि रंगाई सगळं एका आवारात होतं. तशा गिरणीला 'कंपोझिट मिल' म्हणतात. आपल्या बंद पडलेल्या मोठ्या गिरण्या त्या प्रकारच्या. नुसतं सूत काढते ती 'स्पिनिंग मिल', म्हणजे आपली सूतगिरणी.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीला तर 'मिल-मेड' अजिबात लिहू नये. तिची ओळख छोट्या मागांवर विणली जाण्यात आहे.

सुताच्या दरपत्रकात 'एक्स-मिल' दिसलं तर तो गिरणीच्या दारातला भाव. भाडं, हमाली तुमच्याकडे.

७. साखर कारखान्याला 'शुगर मिल' म्हणायचं की 'शुगर फॅक्टरी'?

दोन्ही चालतं. उत्तर प्रदेशात 'चिनी मिल' म्हणतात, महाराष्ट्रात 'साखर कारखाना', आणि सहकारी कारखान्यांच्या इंग्रजी नावात बहुधा 'फॅक्टरी' असतं. पण आतल्या माणसाला विचाराल तर तो फरक करतो. उसाचा रस काढणारे मोठे रूळ जिथे असतात त्या भागाला तो 'मिल' किंवा 'मिल हाऊस' म्हणतो. तिथे ऊस खरोखर भरडला जातो. पुढचं उकळणं, दाणा पाडणं हे 'बॉइलिंग हाऊस'चं काम. आपल्या जिल्ह्यात गाळप हंगामात ज्यांची पाळी मिल हाऊसला असते त्यांना हे सांगायला नको.

८. पिठाच्या गिरणीच्या पाटीवर 'फ्लोर मिल' लिहितात, स्पेलिंग नक्की कुठलं? आणि 'ग्राइंडर' का नाही?

एफ, एल, ओ, यू, आर. डबल ओ लावलं की ती 'फरशीची गिरणी' होते, आणि अशा पाट्या आपल्याकडे बऱ्याच आहेत. उच्चार 'फ्लावर'च्या जवळ जातो, त्यालाही कारण आहे. पीठ आणि फूल हे इंग्रजीत मुळात एकच शब्द होते. गव्हाचं फूल म्हणजे दळणातला सगळ्यात बारीक, निवडक भाग. लिहिण्यात ते पुढे वेगळे झाले.

'ग्राइंडर' हे एखाद्या उपकरणाचं नाव. 'मिल' म्हणजे ती सगळी व्यवस्था आणि जागा. घरातल्या मिरी दळायच्या छोट्या भांड्याला मात्र 'पेपर मिल' म्हणतात. तिथला 'पेपर' मिरीचा, कागदाचा नव्हे. कागदाच्या मिलसाठी प्रश्न २ आणि ११ पाहा.

पेठेतल्या गिरणीत पाच मिनिटं उभं राहून बघा, इंग्रजीतले निम्मे शब्द तिथे आहेत. वर ज्वारी ओततात तो 'हॉपर'. आत दोन दगड, खालचा स्थिर आणि वरचा फिरता, किंवा उभ्या गिरणीत एक स्थिर आणि एक फिरता. हे 'मिलस्टोन'. दगडावर मधून कडेकडे जाणाऱ्या खाचा असतात. दाणा त्या खाचांतून चिरडत बाहेर सरकतो. खाचा झिजल्या की दगड नुसता घासतो, पीठ जाड आणि जास्त गरम येतं, मग गिरणीवाला दगड उघडून टाकी लावायला घेतो. इंग्रजीत त्याला 'ड्रेसिंग द स्टोन' म्हणतात. गळ्यात मिलस्टोन असणं म्हणजे पेलवत नाही असा बोजा असणं, हा वाक्प्रचार बायबलमधून आला. तो दगड एकदा हाताने उचलून पाहिला की अर्थ पुन्हा विसरत नाही.

९. आयटीआयमध्ये 'मिलिंग मशीन' शिकवतात. तिथे दळतात का?

तिथे दातेरी चाकासारखं हत्यार गरागरा फिरतं आणि धातूचा बारीक बारीक चुरा काढत जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, आकार देतं. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असतं, मिलिंगमध्ये हत्यार फिरतं. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात. मिलचे फिरणं आणि भरडणं हे दोन्ही अर्थ इथे एकत्र आले आहेत. हत्याराचं नाव 'मिलिंग कटर', आणि टोकानेही कापणारं असेल तर 'एंड मिल'. म्हणजे इथे 'मिल' हे इमारतीचं किंवा यंत्राचंही नाव राहिलं नाही, मुठीत मावणाऱ्या हत्याराचं झालं.

'रोलिंग मिल'मध्ये तापलेलं पोलाद रुळांमधून दाबत नेतात. 'बॉल मिल' हे सिमेंटच्या कारखान्यात असतं. आडवं पडलेलं मोठं पिंप, आत पोलादी गोळे, पिंप फिरलं की गोळे आदळून क्लिंकरची, म्हणजे भट्टीतून निघालेल्या सिमेंटच्या खड्यांची, भुकटी होते.

१०. जिममधल्या 'ट्रेडमिल'मध्ये 'मिल' कशी आली?

याचा इतिहास ऐकून जिमला जाणारी मुलं गप्प होतात. १८१८ मध्ये विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगासाठी एक प्रचंड लाकडी पिंप तयार केलं. पिंपाच्या बाहेरच्या अंगाला पायऱ्या होत्या. कैद्यांनी रांगेत उभं राहून त्या पायऱ्या चढत राहायचं. पाय ठेवला की पायरी खाली जाते, म्हणून पुढची चढायची. वर पोचणं नाहीच. पिंप फिरायचं आणि त्यावर धान्य दळलं जायचं किंवा पाणी उपसलं जायचं. काही तुरुंगांत त्या चाकाला काहीच जोडलेलं नसायचं, शिक्षा म्हणून नुसतं फिरवायचं. सक्तमजुरीतला हा प्रकार ब्रिटनमध्ये १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर बंद झाला. 'ट्रेड' म्हणजे पाऊल टाकणं, पायाने दाबणं. पायाने चालवायची गिरणी ती ट्रेडमिल.

विसाव्या शतकात डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करण्यासाठी चालता पट्टा वापरायला घेतला. दवाखान्यात 'टीएमटी' लिहून देतात, त्यातला 'टीएम' तोच. मग तो पट्टा जिममध्ये आला. इंग्रजीत आजही 'आयुष्य ट्रेडमिलसारखं झालंय' म्हणतात ते जुन्या अर्थाने, घाण्याच्या बैलासारखं.

११. 'रन ऑफ द मिल', 'रूमर मिल', 'डिप्लोमा मिल' यांचे अर्थ काय?

'रन ऑफ द मिल' म्हणजे गिरणीतून निघाला तसा, प्रत न लावलेला माल. त्यावरून आता अर्थ झाला साधारण, चारचौघांसारखा. म्हणून आपल्याच टॉवेलचं वर्णन करताना हा शब्द चुकूनही वापरू नका. लिहिणाऱ्याला वाटतं 'थेट गिरणीतला', वाचणाऱ्याला वाटतं 'सुमार'.

'ग्रिस्ट टु द मिल': ग्रिस्ट म्हणजे दळायचं धान्य. जे मिळेल ते उपयोगी पडतं, असा भाव. 'थ्रू द मिल' गेलेला माणूस म्हणजे हालअपेष्टांतून भरडून निघालेला.

रूमर मिल, डिप्लोमा मिल, पपी मिल यांत मिलचा एक वाईट वास आहे. दर्जा न बघता ढिगाने माल काढणारी जागा. अफवांची, पदव्यांची, कुत्र्याच्या पिलांची. 'पेपर मिल' हा जुना सरळ शब्दसुद्धा आता या रांगेत येऊन बसलाय. पैसे घेऊन खोटे संशोधन-निबंध लिहून देणाऱ्या टोळ्यांना पेपर मिल म्हणतात. बातमीत विद्यापीठ किंवा नियतकालिकाचा उल्लेख असेल तर हा अर्थ, झाडं आणि लगद्याचा असेल तर कारखाना.

मला स्वतःला हा अर्थबदल खुपतो. गिरणीतला माल ढिगाने निघायचा हे खरं, पण त्या ठाणावर तपासनिसाची नजर फिरल्याशिवाय तो दाराबाहेर पडत नव्हता.

१२. कॉम्प्युटरच्या इतिहासात 'मिल' वाचलं. ती कुठली?

चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात 'ॲनालिटिकल इंजिन' नावाच्या गणनयंत्राचा आराखडा केला. त्यात आकडे ठेवण्याच्या जागेला त्याने 'स्टोअर' म्हटलं आणि जिथे बेरीज-गुणाकार होतात त्या भागाला 'मिल'. आज ज्याला मेमरी आणि प्रोसेसर म्हणतो ते हे दोन भाग. दोन्ही शब्द त्याने सूतगिरणीच्या व्यवहारातून उचलले. माल कोठारातून येणार, गिरणीत त्याचं रूप बदलणार, परत कोठारात जाणार. यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झालं नाही, पण रचना टिकली.

या यंत्राला हुकूम द्यायला बॅबेजने भोकं पाडलेली कार्डं निवडली, आणि ती आली होती जेकार्डच्या मागावरून. चादरीच्या कारखान्यात ज्याने वेळ काढलाय त्याने हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. मागाच्या वर पत्त्यांची माळ लोंबत असते, एकाला एक ओवलेली. प्रत्येक आडव्या धाग्याला एक पत्ता पुढे येतो. पत्त्यावर जिथे भोक आहे तिथे सुई आरपार जाते, तिला जोडलेला हूक वर उचलला जातो आणि सोबत उभा धागा. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. असं एकेक पत्त्याने चादरीवरचा मोर किंवा वेल उमटत जातो. जोसेफ मारी जेकार्डने फ्रान्समध्ये लियॉनला १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. त्याचंच एक रेशमी विणलेलं चित्र, सुमारे २४,००० पत्त्यांवर काढलेलं, बॅबेजने मुद्दाम मिळवून जवळ ठेवलं होतं. बॅबेजच्या यंत्राबद्दल १८४३ मध्ये लिहिताना एडा लव्हलेसने हीच तुलना केली: जेकार्डचा माग फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताच्या आकृत्या विणेल.

सोलापुरात संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात मुलांना एका चादरीच्या कारखान्यात न्यावं असं मला मनापासून वाटतं. 'हो' आणि 'नाही' या दोनच खुणांवर सगळं कसं चालतं, ते तिथे डोक्यावर लटकतंय.

१३. अमेरिकेतल्या भावाच्या घरपट्टीत 'मिल रेट' आहे. ही कुठली गिरणी?

हाच तो अपवाद. या 'मिल'चा दळणाशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये हजाराला 'मिले' म्हणतात. अमेरिकेच्या १७९२ च्या नाणे-कायद्यात डॉलरचा हजारावा भाग म्हणजे एक मिल असं ठरलं होतं. अमेरिकेच्या टांकसाळीने तसं नाणं कधी पाडलं नाही, तरी घरपट्टीत मोजमाप राहिलं. दर २० मिल असेल तर मालमत्तेच्या करपात्र किमतीच्या दर १,००० डॉलरवर २० डॉलर कर.

मिलीमीटर, मिलीग्रॅम, मिलियन, मिलेनियम ही सगळी भावंडं याच 'हजारा'ची. प्लॅस्टिकच्या जाडीसाठी अमेरिकेत 'मिल' वापरतात तो एका 'एल'चा. इंचाचा हजारावा भाग, म्हणजे २५.४ मायक्रॉन. चित्रपटाने 'टेन मिल' कमावले असं वाचलं तर तिथे मिलियनचं लघुरूप आहे. अंक शेजारी असेल तर सहसा हजाराकडची मिल समजावी. अर्थात 'सोलापुरात पाच मिल होत्या' यातही अंक आहेच, तेव्हा डोकं वापरायचंच.

१४. मिलेट, मिल्ड्यू, मिलिटरी, मील... हे सगळे एकाच घरातले का?

नाहीत. ज्वारी-बाजरीला सरसकट वापरला जाणारा 'मिलेट' लॅटिनच्या 'मिलियम' या धान्याच्या नावावरून फ्रेंचमार्गे आला. मंगळवेढ्याची ज्वारी मिलमध्ये दळली जाते, पण 'मिलेट' नाव त्या मिलवरून पडलेलं नाही. 'मिल्ड्यू' म्हणजे द्राक्षावर पडणारा भुरी-केवडा. त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ होता 'मधाचं दव'. 'मिलिटरी' लॅटिनमधल्या सैनिकाच्या नावावरून.

'मील'ची मात्र गंमत आहे. जाडंभरडं पीठ या अर्थाचा 'मील' दळण्याच्याच मुळातून आला. 'ओटमील'मधला तो. जेवण या अर्थाचा 'मील' मुळात 'ठरलेली वेळ' होता. लिहायला सारखेच, घराणी वेगळी.

१५. नाण्याच्या 'मिल्ड एज'चा अर्थ काय?

कडेवर बारीक उभ्या खाचा असलेली कड. पूर्वी नाणी हातोड्याने ठोकून पाडत, कडा वेड्यावाकड्या असायच्या आणि लोक चांदी-सोन्याच्या कडा कातरून घ्यायचे. पुढे पत्रा रुळांतून काढून यंत्रावर नाणी पाडू लागले. तो रूळ बहुधा घोड्यांनी फिरवायची 'मिल' असे. इंग्लंडमध्ये १६६२ पासून हे कायमचं झालं. कडेवर खाचा किंवा अक्षरं आली की कातरलेलं लगेच कळायचं. 'मिल्ड'चा आधीचा अर्थ 'यंत्रावर पाडलेलं' एवढाच, खाचांचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

१६. 'विंडमिल' म्हणजे साताऱ्याकडे डोंगरावर दिसतात त्याच ना?

बोलण्यात हो. चाळकेवाडीच्या पठारावरच्या उंच पंख्यांना आपण पवनचक्की म्हणतो आणि इंग्रजीतही लोक विंडमिल म्हणतात. पण तिथे दळण नाही, वीज तयार होते. परीक्षेच्या उत्तरात 'विंड टर्बाइन' लिहा. 'विंडमिल' हे खरोखर धान्य दळणाऱ्या किंवा पाणी उपसणाऱ्या जुन्या रचनेसाठी.

१७. 'पीपल वेअर मिलिंग अराउंड' यात मिल क्रियापद कसं?

गर्दी एकाच जागी घोटाळत राहणं. अमेरिकेत गुरांचा कळप बिथरला की गोल गोल फिरायचा, त्याला एकोणिसाव्या शतकात 'मिल' म्हणू लागले. तेच माणसांना लागलं. गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी होम मैदानावर जे चालतं ते मिलिंग अराउंड. सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक एका दिशेने सरकते, तिला हे क्रियापद चालणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी बोलीत 'मिल' म्हणजे ठोसेबाजीची लढतही होती, जुन्या कादंबऱ्या वाचताना लक्षात ठेवा.

१८. जॉन स्टुअर्ट मिल आणि मॅक्स म्युलर यांच्या आडनावांचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. चक्कीजवळ राहणारा तो 'मिल', चक्की चालवणारा तो 'मिलर', आणि जर्मनमध्ये 'म्यूलर'. ऋग्वेदाची आवृत्ती काढणाऱ्या मॅक्स म्यूलर यांचं आडनाव म्हणजे 'गिरणीवाला'. स्कॉटलंडच्या 'मिल्न' या आडनावात प्रश्न १ मधला गळालेला 'न' अजून शाबूत आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी केली. भारताचे कागद त्यांच्या टेबलावरून जात.

१९. मराठीत 'मिल' लिहायचं की 'मील'? आणि ती मिल की तो मिल?

'मिल', पहिली वेलांटी. इंग्रजी उच्चार ऱ्हस्व आहे, आणि 'मील' लिहिलं की प्रश्न १४ मधल्या जेवणाशी गोंधळ होतो. जुन्या पाट्यांवर, पावत्यांवर 'मील' दिसतं. ते त्या काळचं लेखन म्हणून तसंच ठेवावं, उतरवून घेताना दुरुस्त करू नये. लिंग स्त्रीलिंगी, 'गिरणी'प्रमाणे. मिल सुटली, मिल बंद पडली, मिलची चिमणी. अनेकवचनी लिहिताना 'मिल्स'पेक्षा 'गिरण्या' कानाला बरं वाटतं. विशेषनाम असेल तर मात्र 'मिल' काढून 'गिरणी' करू नका. जाम मिलला कुणी जाम गिरणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, रिक्षावालाही थांबणार नाही.